आजीचं पत्र : 'स्पॉइल'विषयी

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. 'स्पॉइल' हे इंग्रजी क्रियापद नेमकं कुठे वापरायचं, असं तू विचारलंस. शब्दकोश हाताशी असताना तुला आजीला विचारावंसं वाटलं, याचं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

याचं मूळ लॅटिनमधलं. 'स्पोलियम' म्हणजे जनावराचं सोललेलं कातडं, आणि रणात पडलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवून घेतलेली शस्त्रं-चिलखतंही. जुन्या फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ लुटणं, नागवणं असाच होता, म्हणून तर युद्धातल्या लुटीला अजूनही 'स्पॉइल्स ऑफ वॉर' म्हणतात. नासवणं हा अर्थ मागाहून आला. मला दोन्हींत एकच धागा दिसतो : वस्तू जागेवर राहते, तिच्यातलं चांगलं तेवढं निघून जातं. भूकंपात गाव जमीनदोस्त झालं तर 'डिस्ट्रॉय', पुराने भिंतीला तडे गेले तर 'डॅमेज', पण दूध नासलं, अवेळी खाऊन भूक मेली, पावसाने सहलीचा विरस झाला, फार लाडाने पोर शेफारलं (तू नाहीस हो तशी!), की तिथे 'स्पॉइल'. आपल्याकडे घड्याळ बंद पडलं तरी 'स्पॉइल झालं' म्हणतात, कारण मराठीत बिघडणं सगळ्यालाच चालतं. यंत्रासाठी तू आपलं 'ब्रेक डाउन' लिही. भूतकाळी 'स्पॉइल्ड', ब्रिटनमध्ये 'स्पॉइल्ट'ही चालतं.

आणि एक जुनी इंग्रजी म्हण आहे, माझी फार आवडती : अर्ध्या पेनीच्या डांबरापायी 'शिप' 'स्पॉइल' करू नये. ऐकताना जहाज डोळ्यांपुढे येतं ना? पण मुळात ती होती मेंढी. इंग्लंडच्या काही खेड्यांत 'शीप'चा उच्चार 'शिप' असा करत, आणि मेंढीच्या जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून मेंढपाळ तिला डांबर लावत. अर्धी पेनी वाचवायला गेलं की मेंढी हातची जायची. तू जुन्या वहीची कोरी पानं शिवून नवी वही करतेस, पैसा जपून वापरतेस, त्याचं मला कौतुकच आहे. त्या काटकसरीला ही म्हण नावं ठेवत नाही, ती कुठे करू नये एवढंच सांगते.

तुझ्या चांगुलपणाची मला कधी काळजी वाटली नाही, वाटते ती घाईची. निबंध इतका मन लावून लिहितेस, आणि शेवटी एकदा वाचून काढायचा वेळ तेवढा वाचवतेस. पहाटे उठतेसच, तेव्हा घर शांत असताना रोज एकच शब्द घेऊन बैस, त्याची दोन-चार वाक्यं कर, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाच, आणि मगच पुढचा शब्द घे.

'स्पॉइल'ची वाक्यं मला पाठव. सावकाश पाठव, मी वाट पाहीन.

तुझी,
आजी