काठी खाली ठेवण्याआधी

सापाला मारू नका, हे सांगणं सोपं आहे. सांगणारा बहुधा पलंगावर झोपतो.

खानदेशात साक्री-शिरपूरकडच्या पाड्यांवर माणूस भुईवर गोधडी अंथरून झोपतो, आणि त्याच भुईवरून मण्यार रात्री भक्ष्य शोधत फिरते. ती नागासारखा फणा काढून इशारा देत नाही, घोणशीसारखी फुत्कारत नाही. दंश झोपेत होतो, बरेचदा दुखतही नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, पापण्या उचलत नाहीत. घरच्यांना वाटतं, रात्रीचं काही बाधलं. अशा घरात ज्याने काठी उचलली, त्याला निर्दय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने देशात सुमारे बारा लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यांतली बहुतेक खेड्यातली.

साप मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा हवाच. पण कायद्याच्या धाकाने भीती जात नाही. साप दारातून सुखरूप जाईल आणि चावलाच तर माणूस वाचेल, या दोन्हींची खात्री पटली तरच काठी खाली येते. म्हणून सापावरच्या दयेची सुरुवात मला माणसाच्या अंथरुणापासून करावीशी वाटते.

खानदेशात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की सावली आणि ओल शोधत सगळेच जीव घराकडे सरकतात. रांजणाखालची ओलसर माती, न्हाणीची मोरी, कोनाड्यातली फट. त्यात आपण आणखी एक सोय करून ठेवतो. कपाशी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्या सरपणासाठी रचल्या जातात, आणि ती गंजी उभी राहते थेट भिंतीला लागून. तिच्या तळाशी उंदीर बिळं करतात, पाली राहतात, पावसाळ्यात बेडूक येतात. मग त्यांच्या मागावर साप येतो. चुलीसाठी अंधारात त्या गंजीत हात घालते ती घरची बाई. गंजी घरापासून पंधरा-वीस पावलं लांब, दगडांवर उचलून रचली, मोरीच्या तोंडाला जाळी बसवली, धान्याच्या कोठीभोवती उंदीर वाढू दिले नाहीत आणि सरपण दिवसाउजेडीच आणून ठेवलं, तर निम्मे प्रसंग उद्भवणारच नाहीत. यात ना धाडस आहे ना फोटो, म्हणून याविषयी फारसं कुणी बोलत नाही.

धुळे-जळगावची सर्पमित्र मुलं मध्यरात्री स्वतःचं पेट्रोल जाळून येतात, त्यांचं ऋण मोठं आहे. पण पकडलेला साप कोसभर लांबच्या जंगलात सोडला की त्याचं भलं झालं, हे खरं नाही. कर्नाटकात आगुंबेला नागराजांना ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा दूर नेऊन सोडलेला साप अनोळखी मुलखात सैरभैर भटकताना आढळला. बिळं, पाणी, लपायच्या जागा, सगळं त्याला नव्याने शोधावं लागतं. अंगणात निघालेली धामण जवळच्याच बांधावर सोडली तर ती तिथेच राहून उंदीर खाईल. शेतकऱ्याचंही त्यातच हित आहे.

एका समजुतीपायी मात्र साप नाहक मरतात. दंश झाला की दोघं-तिघं सापाच्या मागे धावतात. डॉक्टरांना दाखवायला तो मारून न्यायचा असतो. या धावपळीत मोलाची मिनिटं जातात, दुसऱ्या एखाद्यालाही दंश होऊ शकतो. आणि गरज तर मुळीच नसते. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच आहे, आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार ठरवतात. पट्टे पाहून ओळखू म्हणावं, तर बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांच्यात जाणतेही गोंधळतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे नेमके उलट. घाबरलेल्या माणसाने कंदिलाच्या उजेडात हे कसं पाहावं? जखम कापू नये, करकचून दोरी बांधू नये, भगताकडे वेळ घालवू नये. हातपाय न हलवता थेट दवाखाना गाठावा.

तो दवाखाना मात्र गाठण्याजोगा हवा. शिरपूरहून धुळ्याचं वैद्यकीय महाविद्यालय पन्नासेक किलोमीटर, आणि सातपुड्यातला पाडा शिरपूरच्याही पलीकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आणि ती रात्री द्यायला डॉक्टर नसेल, तर त्या पाड्यावर सर्पप्रेमाचं व्याख्यान देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

शेतकरी सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून त्याच्या कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. खाट आणि मच्छरदाणी त्याच्या कितीतरी कमी पैशांत येते. नेपाळच्या तराईत मच्छरदाणी नीट खोचून झोपणाऱ्यांना दंश कमी झाल्याचं दिसलं आहे. डासांसाठी घेतलेली जाळी मण्यारलाही अडवते. भुईवर झोपणारी घरं कोणती, हे गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंना ठाऊक असतं. त्यांच्याकडून यादी घेऊन ग्रामसभेने खाट-मच्छरदाणीचा ठराव मे महिन्यातच करावा, कारण पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरतं आणि साप बाहेर पडतात.