पेल्याचं माप

ख्रिस्ती माणूस म्हटला की त्याच्या हातात पेला, अशी समजूत हिंदी सिनेमानं आपल्याकडे पक्की करून ठेवली आहे. ‘तुमच्यात चालतं ना?’ हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाला कधी ना कधी ऐकावाच लागतो. गंमत म्हणजे उत्तर माणसागणिक बदलतं. वसईतल्या कितीतरी कॅथलिक घरांत नाताळला वाइन असते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. नगरकडे, मिशनच्या वळणात वाढलेल्या अनेक घरांत मात्र दारूचं नाव काढलेलं खपत नाही. बायबल दोन्ही घरांत आहे.

त्या बायबलातही दोन्ही बाजूंना भरपूर दारूगोळा सापडतो. नोहा द्राक्षमळा लावतो, पितो आणि तंबूत उघडा पडतो. बाप्तिस्मा करणारा योहान थेंबालाही शिवत नाही. येशू मात्र लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून त्याला खादाड आणि दारूबाज अशी दूषणं मिळतात. काना गावच्या लग्नात तो सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस करतो. आजच्या मापानं तो साडेचारशे लिटरहून कमी भरत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या काही दारूबंदीवाल्या प्रवचनकारांनी हा निव्वळ न आंबलेला रस होता असं सिद्ध करायचा खटाटोप केला. पण त्याच कथेत भोजनकारभारी म्हणतो की लोक चांगला माल आधी वाढतात आणि पाहुणे भरपूर प्यायले की मग हलका काढतात. सरबताबद्दल असा शेरा कुणी मारत नाही.

प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, हे वचन मात्र पिणाऱ्यांना तोंडपाठ असतं. पोट तीमथ्याचं, पेला आपला.

याच पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दारूचा आणखी एक प्रसंग आहे, आणि मला तो या साऱ्या वादात सर्वांत मोलाचा वाटतो. काळ साधारण इसवी सन ५५चा. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, तेव्हा एखाद्या सुखवस्तू घरी, खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबर होत असे. तिथे ज्याच्याकडे आहे तो आपलं आणलेलं पुढे घेऊन बसायचा. परिणामी एक जण उपाशी आणि दुसरा तर्र. उपाशी राहणारे बहुधा गुलाम आणि हातावर पोट असलेली माणसं असावीत, मालकाचं काम आटोपून उशिरा पोचणारी, असा अभ्यासकांचा कयास आहे. पौल खवळतो. पण किती पेले चालतील, हे तो सांगत नाही. खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवता का, असं तो विचारतो. आणि सांगतो काय, तर एकमेकांसाठी थांबा. पुढे रोमकरांना लिहिताना तो आणखी एक पाऊल टाकतो: ज्यानं भाऊ अडखळेल ते मांस असो की द्राक्षारस, सोडलेलं बरं.

आपण ‘माफक’ म्हणतो तेव्हा माप आपल्या शरीराचं लावतो. दोनच पेग, तेही शनिवारी. झोकांड्या जात नाहीत, सकाळी कामावर वेळेत हजर. हिशोब चोख असतो, फक्त त्यात माणूस एकच असतो. शेजारी बसलेल्याचं काय, हा रकानाच त्यात नसतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट आपल्या मठांसाठी नियम लिहितो, तेव्हा दुसऱ्याच्या पोटाचं माप ठरवताना त्याला संकोच वाटतो, हे तो उघड सांगतो. खरं तर संन्याशांनी पिऊच नये, पण आजकालच्या संन्याशांना ते पटवता येत नाही, म्हणून निदान बेतानं प्या, असं म्हणून तो रोजचं एक माप ठरवून देतो. ते पाव लिटरच्या आसपास असावं. कडक शिस्तीच्या माणसाचा हा प्रांजळपणा मला आवडतो.

पण बेनेडिक्टच्या समोर द्राक्षारस होता. अठराव्या शतकातल्या लंडनच्या गल्ल्यांत स्वस्त जिन वाहत होती आणि घरंच्या घरं बुडत होती. जॉन वेस्लीनं १७४३ मध्ये आपल्या मेथडिस्ट मंडळींना अशी कडक दारू विकायला, घ्यायला, प्यायला मनाई केली. अगदी नाइलाज असेल तेवढा अपवाद. पुढे १८६९ मध्ये न्यू जर्सीच्या व्हाइनलँडमधल्या थॉमस वेल्श नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षाचा रस तापवून त्याचं आंबणं थांबवलं, ते प्रभुभोजनात दारू नको म्हणून. विल्यम बूथच्या मुक्तिफौजेनं (साल्व्हेशन आर्मीनं) तर १८८३ पासून प्रभुभोजनाचा विधीच सोडला. त्यामागच्या कारणांत एक हेही होतं, की फौजेत आलेल्या कितीतरी जणांची दारू नुकती सुटलेली होती आणि पहिला घोट वेदीवरूनच मिळाला असता. या मंडळींना कर्मठ म्हणून हसणं सोपं आहे. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं त्यांनी जवळून पाहिली होती.

कॅथलिक चर्चनं विधीतली वाइन सोडलेली नाही. पण ज्या धर्मगुरूला व्यसनामुळे वाइन घेणं धोक्याचं आहे, त्याला बिशपांच्या परवानगीनं मुस्तुम, म्हणजे आंबणं जेमतेम सुरू होताच थांबवलेला द्राक्षाचा रस, वापरता येतो. २००३ मध्ये कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीनं निघालेल्या पत्रात हे नियम आहेत. सोबत मिस्सा करणाऱ्या इतर धर्मगुरूंसाठी मात्र नेहमीच्या वाइनचा चषक वेगळा ठेवायचा. पौलाला एवढं पुरलं असतं का, शंका आहे. तरी त्या धर्मगुरूला सगळ्यांदेखत कारण सांगत बसावं लागत नाही. आमच्या लग्नाच्या रिसेप्शनमध्ये एवढंही होत नाही. तिथे पेला नाकारणाऱ्याला ‘अरे, आजच्या दिवशी तरी’ म्हणून चौघे धरतात, आणि दारू सोडलेला तो बिचारा नसलेला मधुमेह पुढे करून सुटका करून घेतो.