सांधा आणि साक्ष

खऱ्या चित्रणात संगणकावर घडविलेली आकृती मिसळताना कॅमेऱ्याची हालचाल, प्रकाश व सावली जुळवावी लागते. आमच्या टेमघर-भिवंडीच्या यंत्रमागावर उभा-आडवा धागा एक व्हावा, तशी दोन्ही एकजीव होतात. मग हे असत्य म्हणावे काय?

ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून चित्रपटाकडे वळलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) प्रथम आपली कन्या मंदाकिनी हिचा चेहरा दाखविला, मग तिलाच कृष्णरूपात आणले. प्रेक्षक जाणूनबुजून रमला. कथेत सांधा झाकणे ही कला होय. वार्तेत तो झाकणे ही आठव्या आज्ञेने निषिद्ध मानलेली खोटी साक्ष, असे आम्हांस वाटते. कुणाच्या मुखी न बोललेले शब्द घालणारी चित्रफीत पुढे धाडणारे आपणही साक्षीदारच ठरतो. धाडण्यापूर्वी शहानिशा करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.