नाव, नोंद आणि माणूस

'सिस्टीम घेत नाही,' हे वाक्य आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या कानावरून गेलेले आहे. चोपड्यातल्या एका मजूर गृहस्थांबरोबर आम्ही मुलीच्या शिष्यवृत्तीच्या कामासाठी गेलो होतो. त्यांचे खरे नाव सांगत नाही. समजा, शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव 'शेख सलीम शेख रहीम' आणि रेशनकार्डावर 'सलीम रहीम शेख'. संगणकासमोरचा मुलगा त्यांच्याच मोहल्ल्यातला. तो म्हणाला, ''चाचा, तुम्हीच आहात हे मला का ठाऊक नाही? पण सिस्टीम घेत नाही.''

परतताना आम्हाला प्रश्न पडला : नाही म्हणाले ते नेमके कोण?

संगणकाच्या भाषांचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रश्नाचा एक भाग पूर्वीच सोडवून ठेवला आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये कोपनहेगनच्या उन्हाळी वर्गात ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनी या भाषांच्या मूलभूत संकल्पनांवर व्याख्याने दिली. त्यांची टिपणे अभ्यासकांच्या हातोहाती फिरत राहिली आणि छापून आली ती थेट २००० मध्ये. त्यांतला एक विचार साधा आहे. प्रोग्रॅममध्ये 'क = क + १' असे लिहितात. शाळेतल्या बीजगणितात हे चूकच ठरेल. इथे मात्र उजवीकडचा 'क' म्हणजे डब्यातला ऐवज आणि डावीकडचा 'क' म्हणजे खुद्द डबा. डब्यात जे आहे त्यात एक मिळवा आणि पुन्हा त्याच डब्यात ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. एकच नाव, पण कधी ते जागा दाखवते, कधी जागेतली वस्तू.

यातून दोन वेगळे प्रश्न निघतात. दोन डब्यांत सारखाच ऐवज आहे काय, हा एक. हे दोन डबे नसून एकच डबा आहे काय, हा दुसरा. दोन घरांत सारखेच गहू असले म्हणून घर एक होत नाही. एका घराला दोन पाट्या लावल्या म्हणून घरे दोन होत नाहीत. त्या खिडकीवर यंत्राने पहिला प्रश्न विचारला, अक्षरे सारखी आहेत काय? आणि उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे समजले गेले, माणूस एकच आहे काय?

आपल्या नावांच्या बाबतीत हा घोटाळा अधिकच होतो. खानदेशात 'शेख' स्वतःच्या नावाआधी लागतो, बापाच्या नावाआधीही लागतो. अर्जात मात्र नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीनच रकाने. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. ते नाव देवनागरीत आणि तिथून रोमनमध्ये जाताना ज्याच्या हाती लेखणी त्याचे स्पेलिंग. खुद्द आमच्या गावाचे नाव रोमनमध्ये मधला 'ए' घालून आणि न घालता, दोन्ही तऱ्हांनी लिहिले जाते. गाव मात्र तापीच्या उत्तरेला, आहे तिथेच आहे.

'अल्गोरिदम' हा शब्दच पाहा. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे गणिती मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाचे लॅटिनमध्ये जे रूप झाले, त्यातून हा शब्द आला. ज्यांच्या नावावरून यंत्राच्या रीतीला नाव मिळाले, त्यांचे दोन कागद समोर ठेवले तर यंत्र त्यांनाही दोन माणसे ठरवील.

यावर उपाय म्हणून क्रमांक आला. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. बारा आकडे म्हणजे डब्याचा पत्ता. नाव हा त्यातला ऐवज, दुरुस्त करता येणारा. कल्पना योग्यच आहे. तरीही क्रमांक जुळल्यावर पुन्हा नावाची अक्षरे ताडून पाहिली, की आपण मूळ जागीच येतो.

यंत्राला दोष देऊन मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. तोंडओळखीवर कामे होत तेव्हा ओळख नसलेला गरीब दारातच राहत असे. यंत्र निदान चेहरा पाहून जागा बदलत नाही. आणि तुलना सैल केली तर उलटी चूक होईल : एकाच नावाच्या दोघांची नोंद एक होऊन एकाचे कर्ज दुसऱ्याच्या माथी बसेल. म्हणजे 'समान' कशाला म्हणायचे हे यंत्राला सापडत नाही. ते कुणीतरी माणूस ठरवतो. कोणती चूक चालवून घ्यायची आणि तिचा भार कुणी वाहायचा, हेही तेव्हाच ठरून जाते. म्हणून हा प्रश्न तंत्राचा नाही, नीतीचा आहे.

आज तो भार वाहतो मजूर. एका अक्षरासाठी रोजी बुडवून तो तालुक्याला खेपा घालतो, प्रतिज्ञापत्र करतो. नियम करणाऱ्याला मात्र त्याची झळ लागत नाही. यंत्राला शंका येऊ द्यावी, पण शंका आल्यावर 'मी तोच' हे म्हणणे ऐकून घेण्याचा अधिकार खिडकीतल्या माणसाला असला पाहिजे. त्या मुलाला चाचा ठाऊक होते. त्याचे ठाऊक असणे कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

आपल्याकडूनही थोडे व्हावे. मूल शाळेत घालताना नाव एकदा नीट, तिन्ही लिप्यांत, घरी लिहून ठेवावे. त्या गृहस्थांनी आता ते केले आहे. मुलीचा अर्ज मात्र त्या वर्षी गेला तो गेलाच.