रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून वेदना खोटी?



अर्धशिशीने, म्हणजेच मायग्रेनने त्रासलेल्यांची एक तक्रार वरचेवर ऐकू येते: "डोके फुटायची वेळ येते, पण एमआरआय नॉर्मल आहे." मग घरचेच म्हणतात, "काही झालेले नाही, कामाचा कंटाळा आहे!" पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार सुमारे तिप्पट आढळतो, त्यामुळे हा टोमणा बहुधा त्यांच्याच वाट्याला येतो.

विज्ञान काय सांगते? मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. ती जाणवते त्याच्याभोवतीच्या आवरणाला. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस तेथवर पोहोचलेली असते. अर्धशिशी उठली की तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य स्रवते आणि वेदनेचा मार्ग हळवा होतो. मग साधा उजेड, घंटेचा नाद, धुपाचा वासही सोसवत नाही. काहींना आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमक दिसते. त्यामागे मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला ३ ते ५ मिलिमीटर सरकणारी लाट असावी, असे मानले जाते. प्राण्यांच्या मेंदूतील अशी लाट ब्राझीलच्या लेआंव यांनी १९४४ साली नोंदवली. साध्या एमआरआयमध्ये यातले काही सहसा दिसत नाही.

"आता पटले," असे कोणी म्हणेल. नैतिक प्रश्न इथेच उभा राहतो. १९४४ पूर्वी अंधाऱ्या खोलीत तळमळणाऱ्यांची वेदना खोटी होती काय? पुराव्यामुळे वेदना खरी ठरत नाही. दुसऱ्याचे दुखणे आपल्याला दिसत नाही. त्याच्या तोंडूनच ते कळते. म्हणून ऐकणाऱ्यावर जबाबदारी येते.

एखादा खोटेही बोलेल. त्याच्यावर विश्वास ठेवला, तर आपले थोडे काम वाढेल. पण खऱ्या दुखणाईताला खोटे ठरवले, तर दुखण्यावर एकटेपणाचीही भर पडते. बार्तिमय आंधळा आहे हे उघड दिसत असतानाही प्रभू येशूने त्याला काय हवे ते विचारले आणि त्याला बोलू दिले.

आजारपणामुळे रविवारची मिस्सा चुकली तर ते पाप नव्हे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तेव्हा एखादी भगिनी बाकावर दिसली नाही, तर कुजबूज नको. घरात कोणाचे डोके उठले, तर दिवा मालवा, टीव्ही बंद करा, स्वयंपाकाचे पाहा. डॉक्टरांकडे सोबत जा; आज यावर चांगली औषधे आहेत. आणि "खरंच दुखतंय का?" असे विचारण्याऐवजी "काय करू?" असे विचारा.

प्रभू आपणांस ऐकणारे कान देवो.

आपला धर्मगुरू