भाताचे कोठार आणि रक्तातील मेद

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावरील तालुक्यांत पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थाच्या हाती रक्ततपासणीचा कागद पडतो, आणि त्यात ट्रायग्लिसराइडच्या ओळीसमोर दीडशेच्या आतल्या आकड्याऐवजी तीनशे-चारशेचा आकडा छापलेला दिसतो, तेव्हा घरात पहिला हुकूम सुटतो तो तेल, तूप आणि नारळ यांच्यावर. भात मात्र निर्दोष सुटतो. रक्तात मेद वाढला म्हणजे तो ताटातील स्निग्ध पदार्थांतूनच आला असणार, हे अनुमान सकृद्दर्शनी सयुक्तिक वाटत असले, तरी या किनाऱ्यावरच्या आहारापुरते ते बहुतांशी चुकीचे आहे, आणि भलत्याच आरोपीवर खटला चालवल्यामुळे मूळ दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण खातो त्या पिष्टाची शरीरात साखर होते. स्नायूंना श्रम नसतील आणि इन्सुलिनचा अंमल त्यांच्यावर नीट चालत नसेल, तर ती साखर यकृताकडे वळते. यकृत तिचा मेद बनवते आणि तो सूक्ष्म कणांत बांधून पुन्हा रक्तात सोडते. मद्यही यकृतात मेदाचीच भर घालते. अशा माणसाचे रक्त तपासणीसाठी घेऊन नळी यंत्रात फिरवली, की एरवी वर जो पिवळसर, नितळ द्रव दिसायचा, तो तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका आणि गढूळ दिसतो. रुग्णाला ही नळी सहसा कोणी दाखवत नाही. दाखवली, तर पुष्कळ उपदेश वाचेल.

पूर्वीचा कुलाबा जिल्हा, ज्याचे १९८१ साली रायगड असे नामांतर झाले, तो भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध होता, आणि हे कोठार निसर्गाने आयते दिलेले नव्हते. भरतीचे पाणी अडवण्यासाठी मातीचे बाहेरकाठे घालायचे, ते फुटले की कमरेएवढ्या चिखलात उतरून पुन्हा बांधायचे, मग नांगरणी, लावणी, कापणी आणि झोडणी, असा हा वर्षाचा क्रम होता. चरी येथील शेतकऱ्यांनी खोती या जमीनदारी पद्धतीविरुद्ध १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो संप पुकारला आणि जवळजवळ सहा वर्षे नेटाने चालवला, तो याच श्रमाच्या मोबदल्यासाठी होता. त्या माणसांच्या ताटात दुपारी भाताचा ढीग, त्याशेजारी तांदळाचीच भाकरी आणि रात्री पुन्हा भात असे, हे योग्यच होते. तो सारा भात संध्याकाळपर्यंत अंगातून घामावाटे निघून जाई. आज पुष्कळ खलाटी, म्हणजे खाडीकाठची ही सखल भातजमीन, पडीक आहे किंवा विकली गेली आहे. तिचा जुना मालक कंपनीत पाळीवर बसतो, रिक्षा चालवतो किंवा पर्यटकांसाठी खोल्या चालवतो. ताट मात्र आजोबांचेच राहिले.

त्यात आपली देहप्रकृतीही विचारात घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपलीच दोन छायाचित्रे प्रसिद्ध केली होती: उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, देहभार निर्देशांक (बीएमआय) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी ही आपली ठेवण आहे, आणि म्हणूनच ‘मी कुठे जाड आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे समाधानकारक पुरावा ठरत नाही. महाराष्ट्रासह देशाच्या चार भागांत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीत कोलेस्टेरॉल वाढलेल्यांचे प्रमाण १३.९ टक्के होते, तर ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांचे २९.५ टक्के. तरीही लोकांच्या तोंडी ‘कोलेस्टेरॉल’ हाच एक शब्द बसला आहे.

मग करायचे काय? भात सोडा, असे या किनाऱ्यावरच्या माणसाला सांगणे हा अविचार आहे. तो सोडणार नाही, आणि सोडण्याची गरजही नाही. दोन वेळांचा एक वेळ करावा, भाताबरोबरची भाकरी नाचणीची घ्यावी, आणि वाढप डाळ, भाजी व मासळी यांनी सुरू करून भाताने संपवावे, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. बांगडा आणि तारली या येथल्या स्वस्त मासळ्यांत ओमेगा-३ मेदाम्ले चांगली असतात, परंतु रव्यात घोळवून तळलेल्या बांगड्यापेक्षा तिखले किंवा कालवण बरे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीतील मिठाकडे रक्तदाबवाल्यांनी लक्ष द्यावे. उपवासाची कथा तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीतच आली आहे: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा आणि वर गोड केळे. आणि मद्य, मग ती ताडी असो वा बाटलीतील दारू, ज्याचा आकडा पाचशेच्या पुढे आहे त्याने पूर्णपणे वर्ज्य करावे. येथे ‘थोडीशी’ या शब्दाला स्थान नाही. वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरले आणि रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे झाले, तर आकडा लक्षणीय खाली येतो, तोही काही आठवड्यांतच.

औषधांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, आणि दोन्ही घातक आहेत. पाचशेच्या पुढे, विशेषतः हजाराच्या पुढे, स्वादुपिंडाचा दाह होण्याचे भय असते. तो जिवावर बेतू शकतो, आणि तेथे फेनोफायब्रेटसारखे औषध टाळून पथ्यावर विसंबणे म्हणजे दुराग्रह होय. अशा रुग्णाला तेल-तूपही काटेकोरपणे कमी करावेच लागते. परंतु दोनशे ते पाचशेच्या दरम्यान प्रश्न हृदयाचा असतो, आणि तेथे प्रथम स्थान स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाचे. पेमाफायब्रेट या औषधावरील ‘प्रॉमिनंट’ या चाचणीत मधुमेही रुग्णांचे ट्रायग्लिसराइड सुमारे एक चतुर्थांशाने उतरले, परंतु हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत, हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. माशाच्या तेलातील शुद्ध केलेल्या एका घटकाच्या रोजच्या चार ग्रॅमनी २०१८ च्या चाचणीत लाभ दिसला. तशाच दुसऱ्या मिश्रणाने २०२० साली दिसला नाही. आकडा खाली आला म्हणजे धोका तेवढाच खाली आला, असा हिशेब या मधल्या पट्ट्यात मांडता येत नाही. तो आकडा यकृत, कंबर, थायरॉइड, मधुमेह आणि मद्य यांची चौकशी करण्याचा दाखला समजावा.

ही चौकशी करायची तर आधी आकडा कळला पाहिजे. तिशीवरील नागरिकांसाठी सरकारची जी असंसर्गजन्य रोगांची तपासणी गावोगाव चालते, तीत रक्तदाब आणि साखर पाहतात. मेदाची तपासणी तिच्या कक्षेत नाही. ज्याची साखर वाढलेली आढळली त्याच्या रक्तातील मेदही त्याच नमुन्यातून तपासावा, आणि पाचशेच्या पुढचा अहवाल टपालाच्या गतीने न जाता त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर यावा, एवढी तजवीज प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवर करणे अशक्य नाही. म्हसळ्याच्या किंवा श्रीवर्धनच्या आतल्या वाडीतून, मध्यरात्री पोटात असह्य कळ उठलेल्या माणसाला घेऊन अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरावा लागतो, तेव्हा ही तपासणी करण्याची वेळ कधीच निघून गेलेली असते.