कर्तृत्वाचा मान आणि माणसाचा मान

सज्जनहो, मान कर्तृत्वाने मिळवावा हे आपण लेकरांना शिकवतो, ते योग्यच आहे. पण माणसाला माणूस म्हणून जवळ घ्यायचे, तर त्यासाठीही त्याने आधी कर्तृत्व दाखवायला हवे काय? या प्रश्नाच्या पोटात एक आख्यान आहे, ते ऐकावे. आख्यान पुराणातले नाही, क्रिकेटचे आहे.

मुंबईत पूर्वी एक मोठी स्पर्धा भरत असे. तिचे संघ गावांचे नव्हते, धर्मांचे होते. युरोपियन आणि पारशी आधीपासून खेळत. १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली मुसलमान आले. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज होते, चर्मकार कुळातले. पुण्यातील हिंदूंच्या क्लबाने त्यांना घेतले, ते साहेबांच्या संघाला हरवायचे म्हणून. मैदानात एकच चामड्याचा चेंडू साऱ्यांच्या हातांतून फिरे, तेव्हा विटाळ कोणाला आठवत नसे. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरी हिंदूंचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल यांनाही डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, युरोपियनांना हरवले, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

येथे पूर्वपक्ष असा की, खेळानेच तर भिंत पाडली! होय, खेळाचे ते श्रेय खेळाला द्यावे. पण विचार करा. बळी पडत होते म्हणून बाळू आपले झाले. त्यांच्याच आळीतल्या ज्या माणसाच्या बोटांत फिरकी नव्हती, त्याचे काय? आणि समोरच्याला हरवण्यापुरते जवळ घेतलेले माणूस हरल्यावर कोणाचे?

ती स्पर्धा १९४६ साली बंद झाली. वृत्ती बंद झाली नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले, तेव्हा ती देशाची लेक होती. काही दिवसांत हॉकीचा उपांत्य सामना अर्जेंटिनाकडे गेला, आणि हरिद्वारजवळ तिच्या घरापुढे फटाके वाजवून जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार पोलिसांत गेली. तीन गोलांनी मिळालेला मान एका पराभवात परत घेतला गेला. जे गुणांवर मिळते ते उधारीचे असते. सावकार कधीही दारात येतो.

पण केवळ खेळाला बोल लावून आपली सुटका नाही. विठ्ठल नावाचा माणूस १९२३ साली हिंदूंचा कर्णधार झाला, तेव्हा त्याच्या समाजाला पंढरीच्या विठ्ठलाच्या राऊळात पाऊल ठेवता येत नव्हते. ते दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. मैदान चोवीस वर्षे पुढे गेले होते. महाद्वारी चोखोबांच्या समाधीपुढे रोज माथा टेकवणाऱ्या आपल्या संप्रदायाने हे विसरू नये.

मग सिद्धान्त कोणता? वारीत समोरचा भेटला की आपण त्याच्या पाया पडतो. त्याला काय येते, हे आधी विचारत नाही. आपल्या वाटेवरही खेळ आहेतच. फुगडीत दोघे एकमेकांचे हात धरून फिरतात. एकाने हात सोडला तर दोघेही पडतात. स्पर्धा वाईट नव्हे. हुतूतूला समोर तोडीचा गडी हवाच, नाहीतर खेळ कसला? पण गडी हरला तरी तो माऊलीच असतो, एवढे भान सुटू नये.

तेव्हा माऊली, गावच्या मैदानात आपला संघ जिंकला की ज्याला खांद्यावर घ्याल, त्याच्याविषयी मनाला एवढेच विचारा: उद्या याच्या हातून झेल सुटला, तर संध्याकाळी माझ्या ओसरीवर, माझ्याच घरच्या कपात, याला चहा मिळेल ना?

रामकृष्णहरी.